आधी ती टकटक, मग विंडोज

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. वडील ७६ वर्षांचे, निवृत्त शिक्षक, गुहागर तालुक्यात गावी राहतात, तुम्ही पुण्यात. लॅपटॉप २०१५ सालचा: पाचव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्डडिस्क, विंडोज १०. त्यात त्यांनी वर्षानुवर्षं बसून टाइप केलेला गावाचा इतिहास आहे, सगळा श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि घरच्या लग्नामुंजींचे फोटो. विंडोज १०चा सपोर्ट संपल्याची सूचना सारखी येते म्हणून वडील धास्तावलेत. दुकानदार म्हणाला, भंगारात काढा, नवा घ्या. मेहुणे म्हणाले, विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाका, पळायला लागेल. तुम्ही विचारताय, कोणाचं ऐकू? आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता एक ओळ: ‘सुरू व्हायला दहा मिनिटं लागतात आणि मधूनच टकटक आवाज येतो, पण ते जुना झाल्यामुळे असेल.’

मी चिपळुणात चोवीस वर्षं संगणक दुरुस्तीचं काम करतोय. एवढा लांबलचक प्रश्न वाचून मी थांबलो तो त्या शेवटच्या ओळीवर. विंडोज, लिनक्स, नवा, जुना हे सगळं नंतर. आधी लगीन कोंढाण्याचं. ती टकटक म्हणजे काय, हे कळल्याशिवाय त्या मशीनला कोणीही, मेहुण्यांनीसुद्धा, हात लावायचा नाही.

हार्डडिस्कच्या आत चकचकीत तबकड्या असतात, लॅपटॉपमध्ये बहुतेक मिनिटाला ५४०० फेऱ्या घेणाऱ्या. त्यांच्यावर वाचणारं डोकं, म्हणजे हेड, तरंगत असतं. अंतर किती, तर काही नॅनोमीटर. धुळीचा कण त्यापुढे डोंगर. आपण कुठे आहोत हे हेडला तबकडीवरच्याच खुणा वाचून कळतं. त्या खुणा वाचता आल्या नाहीत की ते मागे आपल्या जागेवर जातं, पुन्हा येतं, पुन्हा चाचपडतं. त्या येरझाऱ्यांचा आवाज म्हणजे टकटक. आता यात एक भेद आहे. बराच वेळ काम नसलं की हेड मुद्दाम बाजूला जाऊन बसतं, तेव्हा एकच हलका ‘टक्’ येतो आणि पुढे सगळं सुरळीत चालतं. त्याला घाबरायचं कारण नाही. पण एका लयीत तीन-चार वेळा टकटक, मध्ये स्क्रीन गोठणं, मग पुन्हा चालू होणं, असं असेल तर डिस्क शेवटच्या घटका मोजतेय असं समजा. दहा मिनिटांच्या स्टार्टअपचं कारणही बहुधा तेच. एकेक खराब जागा वाचायला डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करते आणि विंडोज ताटकळत बसतं.

म्हणून आजच वडिलांना फोन करा. ‘लॅपटॉप बंद करा आणि मी येईपर्यंत उघडू नका’ म्हणावं. ‘एकदा शेवटचं बघून घेतो’ हेही नको. मरायला टेकलेल्या डिस्कचं आयुष्य मिनिटांत मोजायचं असतं आणि ती मिनिटं विंडोज सुरू करण्यात घालवायची नसतात. विंडोज सुरू होताना हजारो फाइली वाचतं, लिहितं, अपडेट शोधतं, अँटिव्हायरस त्यावर फिरतो. तुम्हाला हव्या असलेल्या फाइलची पाळी येईपर्यंत डिस्क दमलेली असते. कोणी सांगेल, चेक डिस्क चालवा, डीफ्रॅग करा. अजिबात नको. चेक डिस्क फाइलींची रचना ‘दुरुस्त’ करतं, म्हणजे डिस्कवर लिहितं, आणि आजारी डिस्कवर लिहिणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा एक जुना तोडगा लोक अजून सांगतात. कोकणातल्या दमट हवेत ती बाहेर काढल्याबरोबर आतबाहेर पाणी सुटेल, एवढं लक्षात घेतलंत तरी पुरे.

तुम्ही पुण्याहून जाल तेव्हा दोन वस्तू बरोबर न्या. एक १ टीबीची बाहेरून जोडायची हार्डडिस्क, चांगल्या कंपनीची, बिल घेऊन. आणि एक १६ जीबीचा पेनड्राइव्ह, त्यावर लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) बूट होईल, म्हणजे त्यावरूनच संगणक सुरू होईल, असं करून. (ऑनलाइन चारपाचशे रुपयांत ‘२ टीबी पेनड्राइव्ह’ मिळतात ते घेऊ नका. आत ३२ जीबीची चिप असते, संगणकाला ती २ टीबी म्हणून खोटं सांगते, आणि जागा संपली की जुन्याच फाइलींवर नव्या लिहीत जाते. तुम्हाला पत्ता लागतो तो फोटो उघडायला गेल्यावर. शंका असेल तर एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं छोटं मोफत साधन पूर्ण क्षमता लिहून-वाचून तपासतं.)

मिंट इथे मी तपासणीची खोली म्हणून वापरतोय, वडिलांच्या गळ्यात बांधायला नाही. लॅपटॉप सुरू करताना बूट मेन्यूची की दाबायची, कंपनीप्रमाणे ती एफ-१२, एफ-९ किंवा एस्केप असते, आणि पेनड्राइव्हवरून सुरू करायचं. विंडोज झोपलेलंच राहतं. आजारी डिस्कवर कोणी काही लिहीत नाही. विंडोज नीट पूर्ण बंद झालं नसेल, आणि ‘फास्ट स्टार्टअप’मुळे ते बऱ्याचदा खरंखुरं बंद होतच नाही, तर मिंट ती डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडतं. एरवी हा वैताग असतो, आपल्या मात्र पथ्यावर पडतो.

मिंटमध्ये ‘डिस्क्स’ नावाचा प्रोग्रॅम आहे. त्यात डिस्कची ‘स्मार्ट’ माहिती, म्हणजे डिस्कनं स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, दिसते. तिथे भलीमोठी यादी असते, ती बघून गोंधळू नका. तीनच ओळी पाहायच्या: रीअॅलोकेटेड सेक्टर, म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेल्या जागा. करंट पेंडिंग सेक्टर, म्हणजे वाचता न आल्यामुळे लटकलेल्या जागा. आणि अनकरेक्टेबल, म्हणजे दुरुस्त न होणाऱ्या जागा. तिन्ही शून्य असतील तर डिस्क अजून ठीक आणि टकटक कदाचित दुसरीच कसली. पेंडिंग शून्याहून जास्त असेल तर दुखणं खरं आहे. विंडोजमध्ये हीच माहिती क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्रॅम दाखवतो, पण त्याचे आकडे मुळात षोडशमान पद्धतीत असतात. तिथे दिसणारा १० म्हणजे सोळा. यावरून माझ्याच दुकानात एका मुलानं गिऱ्हाइकाला ‘फक्त शंभर सेक्टर गेलेत’ असं सांगितलं होतं, गेलेले दोनशे छप्पन होते.

मात्र ‘स्मार्ट’ सगळं ठीक म्हणतंय म्हणून निर्धास्त होऊ नका. गूगलच्या लोकांनी २००७ साली आपल्या एक लाखाहून अधिक हार्डडिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी त्यांच्या चार मुख्य इशाऱ्यांपैकी एकही दिला नव्हता. इशारा आला तर तो खरा, नाही आला तर त्याला अर्थ नाही, असं धरून चालावं.

आता फाइली काढायचा क्रम. इथे बहुतेक लोक चुकतात. सगळं निवडून एकदम कॉपीला लावतात आणि दीडशे जीबी फोटोंच्या मधोमध डिस्क मान टाकते. हस्तलिखित केवढं असेल? श्रीलिपीतली हजार पानं म्हणजे काही एमबी. ते आधी. दोन मिनिटांचं काम आहे. ते बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि मिंटचा सोडून दुसरा पेनड्राइव्ह असेल तर त्यावरही घ्या. मग फॉन्ट, हे कोणाच्या लक्षातच राहत नाही. श्रीलिपीचे फॉन्ट तुमच्या वडिलांच्या डॉक्युमेंट्समध्ये नसतात, ते विंडोज फोल्डरच्या आत फॉन्ट्स नावाच्या फोल्डरमध्ये असतात. तो अख्खा उचला. फॉन्ट गेले तर हस्तलिखित असून नसल्यासारखं, का ते पुढे सांगतो. त्यानंतर वडिलांच्या नावाचा पूर्ण फोल्डर, डेस्कटॉपसकट. ज्येष्ठ माणसं सगळं डेस्कटॉपवर ठेवतात. शेवटी फोटो, त्यातही जे दुसऱ्या कोणाकडे नाहीत ते आधी. एखाद्या फाइलवर कॉपी अडकली तर ती सोडा आणि पुढे जा. अडकलेल्या फाइलीवर हट्ट धरण्यात बाकीच्यांचा बळी जातो.

पेंडिंगचा आकडा मोठा असेल किंवा कॉपी वारंवार अडकत असेल तर जीएनयू डीडीरेस्क्यू हे साधन वापरायचं. ते फाइली बघत नाही, डिस्कचीच प्रतिमा काढतं. सोप्या जागा आधी वाचतं, अवघड जागा नोंदवून ठेवतं आणि त्यांच्याकडे शेवटी वळतं. वीज गेली तरी नोंदीवरून पुढे सुरू होतं. पण त्यात ‘कुठून’ आणि ‘कुठे’ उलटं दिलंत तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते. हे काम आयुष्यात पहिल्यांदा करत असाल तर वडिलांच्या इतिहासावर शिकू नका, जाणकाराला बसवा. आणि डिस्क ओळखूच येत नसेल, नुसतीच टकटक करून थांबत असेल, तर तिथे आम्हा दुकानदारांचंही काम संपलं. डिस्क काढा, अँटिस्टॅटिक पिशवीत घाला आणि धूळविरहित खोली असलेल्या डेटा रिकव्हरी लॅबकडे न्या. खर्च नव्या लॅपटॉपच्या घरात जाऊ शकतो. ‘मी इथंच उघडून बघतो’ म्हणणाऱ्याच्या हातून डिस्क आधी परत घ्या.

आता प्रतींविषयी. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा माझ्या दुकानातही शिरलं. पुढचे दोन महिने मी दुसरं काही केलं नाही, चिखलातले संगणक उघडत होतो. त्यात सर्वांत जास्त वाईट वाटलं ते बेफिकीर लोकांचं नाही, शिस्तीच्या लोकांचं. दर शनिवारी बॅकअप घेणारे एक हिशेबनीस होते. बॅकअपची डिस्क संगणकाखालच्या ड्रॉवरमध्ये. संगणक बुडाला तेव्हा ड्रॉवर त्याच्याही आधी बुडाला होता. आणि घरोघरी लोकांनी काय केलं, तर ओल्या डिस्क उन्हात वाळवल्या, तांदळात पुरल्या आणि लावून बघितल्या. हार्डडिस्क हवाबंद नसते, बहुतेकींना हवेसाठी बारीक छिद्र असतं. त्यातून गाळाचं पाणी आत गेलं आणि वाळलं की तबकडीवर गाळ चिकटून बसतो, मग वीज दिली की हेड त्याच्यावर घासत जातं. ओली डिस्क वाळवायची नाही आणि सुरूही करायची नाही. तशीच ओलसर, घट्ट बंद पिशवीत घालून लॅबला द्यायची. हे तेव्हा पंधरा-वीस जणांनी वेळेत ऐकलं असतं तर बरं झालं असतं, पण त्या आठवड्यात चिपळुणात कोणाचं कोणाला ऐकू येत होतं?

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ हा हिशेब तुम्ही ऐकला असेल. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. त्यातला शेवटचा एक सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित. तुमच्या बाबतीत तो फुकटात जमतो: बाहेरची डिस्क गावी राहील, तिची दुसरी प्रत तुम्ही पुण्याला न्याल, आणि हस्तलिखित तेवढं गूगल ड्राइव्हवर टाकाल. मोफत १५ जीबीत ते सहज बसतं. फक्त ड्राइव्हचं सिंक म्हणजे बॅकअप असं समजू नका. वडिलांच्या हातून इकडे प्रकरण पुसलं गेलं की तिकडेही पुसलं जातं, ट्रॅशमध्ये ते ३० दिवस राहतं आणि मग जातं. महिन्यातून एकदा तारीख टाकून वेगळी प्रत ठेवा.

फाइली बाहेर आल्या, चारपाच उघडून खात्री केली, मगच आता लॅपटॉपच्या पुढच्या आयुष्याचा विचार.

दुकानदाराचं ‘भंगारात काढा’ मला पटत नाही. मशीन हळू आहे ते प्रोसेसरमुळे नाही, डिस्कमुळे. जुन्या डिस्कच्या जागी अडीच इंची साटा जोडणीची एसएसडी (चिपवर साठवणारी, आत काही न फिरणारी डिस्क) बसते, ७ मिलिमीटर जाडीची. जुन्या लॅपटॉपमध्ये ९.५ मिलिमीटरची खाच असेल तर बरोबर येणारी पट्टी लावायची, नाहीतर ती आत खुळखुळते. मोठी फाइल सलग वाचताना हार्डडिस्क सेकंदाला शंभरेक एमबी देते, एसएसडी पाचशेच्या वर. पण खरा फरक तो नाही. विंडोज सुरू होताना इकडेतिकडे विखुरलेल्या हजारो बारक्या फाइली वाचतं आणि त्या कामात हार्डडिस्क एकेक एमबीवर घसरते, कारण हेडला प्रत्येक वेळी उठून जावं लागतं. एसएसडीला उठून जायचंच नसतं. दहा मिनिटांचं काम अर्ध्या-पाऊण मिनिटावर येतं. २५० जीबीची पुरेल, ५०० घेतलीत तर उत्तम. नाव माहीत असलेल्या कंपनीचीच घ्या.

रॅम ४ची ८ करा. पाचव्या पिढीच्या लॅपटॉपला डीडीआर-थ्री-एल लागते, १.३५ व्होल्टची. साधी डीडीआर-थ्री दिसायला तशीच असते, खाचेत बसतेही, पण चालत नाही. दुकानात ‘थ्री-एल’ असं तोंडानं म्हणा आणि स्टिकर वाचून घ्या. आणि झाकण उघडलंच आहे तर बॅटरीकडे नजर टाका. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटत असेल तर त्याच्याखाली बॅटरी फुगलेली असते. ती वापरायची नाही, टोचायची तर नाहीच.

एसएसडीचं एक वाईट असं की ती जाताना टकटक करत नाही. आज चालते, उद्या दिसत नाही. शिवाय पुसलेली फाइल परत मिळण्याची आशा तिथे जवळजवळ नसते, कारण ट्रिम नावाच्या सोयीनुसार ती रिकामी जागा आपणहून साफ करते. म्हणून एसएसडी आली की बॅकअपची गरज वाढते. आणि बॅकअपसाठी कपाटात वर्षानुवर्षं विजेशिवाय पडून राहणारी प्रत एसएसडीवर नको, हार्डडिस्कवरच ठेवा.

विंडोज कसं टाकायचं? जुनी डिस्क जशीच्या तशी नव्यावर उतरवू नका, आजारी डिस्कचा कचरा बरोबर येतो. कोरं टाका. त्यासाठी पैसे मागतील तर देऊ नका. कंपनीच्या विंडोजसकट आलेल्या लॅपटॉपचा परवाना त्या मदरबोर्डाशी जोडलेला असतो. इंटरनेट लागलं की विंडोज १० आपणहून सक्रिय होतं, डिस्क बदलली तरी. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून पेनड्राइव्ह करून घ्या, ‘की’ विचारली तर ‘माझ्याकडे नाही’ निवडा. दुकानदार क्रॅक, म्हणजे परवान्याला बगल देणारा प्रोग्रॅम, टाकून देतो म्हणाला तर टाकताना तो आधी काय बंद करतो ते बघा. पहिला बळी डिफेंडरचा, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसचा, असतो. पहारेकऱ्याला झोपवून घरात आलेला माणूस काय करेल याची कल्पना तुम्ही करू शकता.

आता ती सूचना. विंडोज १० २९ जुलै २०१५ला आलं आणि त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. संपला म्हणजे संगणक बंद पडत नाही, नव्यानं सापडणाऱ्या भोकांना ठिगळं मिळणं थांबतं. घरच्या लोकांसाठी मायक्रोसॉफ्टनं एक वर्षाची मुदतवाढ ठेवली आहे, १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत. विंडोज १०ची शेवटची आवृत्ती, २२एच२, असायला हवी. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नावनोंदणीचा दुवा दिसतो. मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं साइन-इन करून सेटिंग्जचं सिंक चालू ठेवलंत तर पैसे लागत नाहीत. वडिलांसाठी मी हेच करीन. यंदा त्यांनी काही नवं शिकायचं नाही. तीच स्क्रीन, तीच श्रीलिपी, फक्त वेगवान मशीन.

विंडोज ११ या लॅपटॉपवर अधिकृतपणे चालत नाही. त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. रुफस नावाचं साधन वापरून ती अट ओलांडून टाकता येतं हे मला माहीत आहे आणि दुकानात आग्रह करणाऱ्यांना मी ते टाकूनही दिलंय. चालतं. पण दरवर्षीचं मोठं अपडेट आपसूक येईलच असं नाही, ते हातानं करावं लागतं. लांब गावी राहणाऱ्या ७६ वर्षांच्या गृहस्थांच्या मशीनवर असला जुगाड मी करणार नाही.

उद्या नवा लॅपटॉप घेतलात तर तिथे वेगळंच प्रकरण आहे. विंडोज ११च्या नव्या लॅपटॉपवर डिस्कचं एन्क्रिप्शन बऱ्याचदा न विचारता चालू असतं आणि त्याची किल्ली म्हणजे ४८ अंकी रिकव्हरी की, ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवलेली असते. माझ्या एका गिऱ्हाइकाचा मदरबोर्ड सर्व्हिस सेंटरमध्ये बदलला. टीपीएम जुन्या बोर्डावर गेला. परत आल्यावर पडदा निळा, ‘की द्या’. खातं त्यांच्या भाच्यानं पहिल्या दिवशी काढलं होतं, कोणत्या ईमेलनं ते त्यालाही आठवेना. डिस्क ठणठणीत, फाइली सगळ्या जागच्या जागी, आणि आजतागायत कोणाला उघडता आलेल्या नाहीत. नवा लॅपटॉप घेतल्या दिवशी ते ४८ अंक कागदावर लिहा आणि घराच्या कागदपत्रांत ठेवा.

मेहुण्यांच्या लिनक्सबद्दल माझा आकस नाही. माझं स्वतःचं दुकान मिंटवर चालतं. मिंट २२ला एप्रिल २०२९पर्यंत अपडेट मिळणार आहेत, ८ जीबीत ते आरामात चालतं आणि मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात बसवायला पाच मिनिटं लागतात. अडचण श्रीलिपीची आहे, आणि ती लिनक्सच्या आधीपासूनची आहे.

श्रीलिपीत वडिलांनी जे टाइप केलंय ते संगणकाच्या लेखी मराठी नाहीच. इंग्रजी अक्षरांच्या, कंसांच्या, चिन्हांच्या जागांवर त्या फॉन्टनं देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. फॉन्ट असेपर्यंत ‘ग्रामदैवत’ दिसतं, फॉन्ट नसला की तीच ओळ म्हणजे इंग्रजी अक्षरांची भेळ. म्हणून मघाशी फॉन्टचा फोल्डर उचलायला सांगितला. त्यात शोध घेता येत नाही, फोनवर वाचता येत नाही आणि पुढच्या पिढीतल्या कोणाला ती फाइल मिळाली तर ती पुसून टाकेल. तेव्हा एसएसडी बसली, फॉन्ट घातले की पहिलं काम: प्रत्येक फाइलची पीडीएफ करा. पीडीएफमध्ये फॉन्ट आत शिवला जातो, पान जसं आहे तसं टिकतं. दुसरं काम सावकाश, वर्षभराचं: युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकाला-फोनला मराठी म्हणूनच ओळखू येणाऱ्या अक्षरांत, रूपांतर. रूपांतर करणारी साधनं मिळतात, श्रीलिपीच्या नव्या आवृत्त्यांमध्येही युनिकोडची सोय आहे. पण कोणतंही साधन शंभर टक्के नाही. रफार घसरतात, पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते, आणि सगळ्यात फसवा तो अर्धा ऱ. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. तुमच्या गावाला दोन्ही आहेत, त्यामुळे वाचताना खटकणारसुद्धा नाही. आचाऱ्यांचे आचार्य झालेलेही मी पाहिलेत, एका संस्थेच्या स्मरणिकेत, छापून आल्यावर. वाचायला वडीलच बसवा. त्यांच्याइतका चांगला मुद्रितशोधक तुम्हाला मिळणार नाही, आणि त्यांनाही काम आवडेल.

ते रूपांतर झालं की लिनक्स काय, नवा लॅपटॉप काय, तुम्ही मोकळे. ऑक्टोबर २०२६च्या आधी ठरवा.

सुरक्षिततेचं थोडं. ‘ठिगळ नाही मिळालं तर काय बिघडतं’ असं वडील विचारतील. २०१७च्या मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टनं विंडोजमधल्या एका भोकाचं ठिगळ दिलं. १२ मे रोजी वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसनं त्याच भोकातून जगभर फाइलींना कुलपं लावली. दोन महिने होते, लोकांनी लावलं नव्हतं. जूनच्या अखेरीस नॉटपेट्या आला, त्यानंही तेच भोक वापरलं, आणि आपल्या उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. असा व्हायरस संगणकाला जोडलेल्या बॅकअपच्या डिस्कलाही कुलूप लावतो. तेव्हा प्रत घेऊन झाली की डिस्क काढायची, नेहमी लावून ठेवायची नाही.

अँटिव्हायरस विकत घेऊ नका, डिफेंडर पुरतो. वडिलांसाठी रोजच्या वापराचं खातं ‘स्टँडर्ड’ ठेवा, अॅडमिनचा पासवर्ड तुमच्याकडे. पण खरं सांगायचं तर त्यांना धोका व्हायरसपेक्षा फोनचा जास्त आहे. ‘तुमच्या विंडोजचा सपोर्ट संपलाय, आम्ही मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय, हे अॅप टाका’ असा फोन कोणाला येऊ शकतो, तर जो त्या सूचनेनं आधीच धास्तावलाय त्याला. मायक्रोसॉफ्ट कोणाला असा फोन करत नाही. स्क्रीन दुसऱ्याच्या हातात देणारं अॅप तुमच्याशी बोलल्याशिवाय टाकायचं नाही, एवढं एकच वाक्य त्यांच्याकडून वदवून घ्या. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला फोन. तासाभरात केलेल्या फोनला अर्थ असतो, दुसऱ्या दिवशीच्या फोनला फारसा नाही.

जुनी डिस्क टाकू नका. तिच्यावर तारीख लिहा, पिशवीत घाला आणि निदान वर्षभर ठेवा. काय राहिलं ते तीन महिन्यांनी आठवतं. आणि श्रीलिपीचा डोंगल, म्हणजे ती चालवायला लागणारी यूएसबी किल्ली, असेल तर तो लॅपटॉपच्या जुन्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात बघा. लोक त्याला बिघडलेला पेनड्राइव्ह समजून फेकतात.